बुडालेल्या रोजाचा हिशेब : संघटित कबड्डीचा इतिहास आणि तिचा दहावा व्यावसायिक हंगाम

स्मरणिकेत संस्थेचा इतिहास लिहावयाचा म्हणजे स्थापनेची तिथी, पहिल्या कार्यकारी मंडळाची नामावली, देणगीदारांचा निर्देश आणि जिंकलेल्या ढालींचा तपशील एवढे नमूद केले की लेखकाचे कर्तव्य संपले, असा समज आपल्याकडे रूढ आहे. आणि ज्या मंडळाच्या दफ्तरात या चारही गोष्टी वाळवीपासून वाचून सुस्थितीत राहिल्या असतील त्या मंडळाच्या चिटणिसांविषयी माझ्या मनात खराखुरा आदर आहे. परंतु नागभीड-ब्रह्मपुरीपासून थेट सिरोंच्यापर्यंत पसरलेल्या या अरण्यमुलखात, दिवाळीनंतरच्या मंडईपासून होळीच्या सुमारापर्यंत, गावोगाव कबड्डीचे सामने भरविणारी जी असंख्य मंडळे आहेत, त्यांचा इतिहास लिहू गेले असता थोड्याच वेळात असे ध्यानात येते की, ही सारी एका विस्तीर्ण संस्थेची अंगोपांगे आहेत, आणि त्या संस्थेचा जन्म, तिची वाढ, तिच्यातील वाद आणि तिला अलीकडे लाभलेले वैभव समजून घेतल्यावाचून आपल्या गावच्या मैदानाचाही अर्थ पुरता उलगडत नाही. ती संस्था म्हणजे संघटित कबड्डी. आणि ज्या हंगामाने पुण्याच्या संघाच्या पदरी प्रथमच विजेतेपद घातले तो २०२३-२४ चा दहावा व्यावसायिक हंगाम, हे तिच्या इतिहासातील आजवरचे सर्वांत बोलके प्रकरण होय.

एखादी क्रीडासंस्था कशाने मोठी ठरते, याचा विचार करताना मी नेहमी एकच कसोटी लावीत आलो आहे. प्रेक्षक किती जमले, ढाल केवढी होती, उद्घाटनाला कोण आले, हे सारे गौण. खेळाडू मैदानात उतरला त्या दिवशी त्याचा जो रोज बुडाला तो कोणी भरून दिला, एवढाच प्रश्न विचारावा, आणि त्याच्या उत्तरावरून संस्थेची पारख करावी. ही कसोटी कोणाला रुक्ष वाटेल. पण ज्या प्रदेशात मृगापाठोपाठ धानाचे पऱ्हे टाकले जातात, आषाढ-श्रावणात गुडघाभर चिखलात रोवणी चालते, कार्तिक-मार्गशीर्षात कापणी, बांधणी आणि मागोमाग चुरणा, फाल्गुन-चैत्रात मोहफुले वेचणे आणि वैशाखाच्या उन्हात तेंदूपानांचे फड, अशी वर्षाच्या बारा महिन्यांची वाटणी श्रमानेच केलेली असते, त्या प्रदेशातील माणसाला तिचे मर्म सांगावे लागत नाही. आपल्याकडील कबड्डीपटू हा बहुधा अल्पभूधारकाचा किंवा मजुराचा मुलगा असतो; माजरी, घुग्घुस, बल्लारपूर, दुर्गापूर या बाजूला तो कोळशाच्या खाणीत नाहीतर कंत्राटदाराच्या हजेरीपटावर असतो. रात्री दिव्यांच्या उजेडात उपांत्य सामना खेळून तो पहाटे पहिल्या पाळीला हजर होतो. आणि जर सामन्यात गुडघा मुरगळला, तर बुडणारा रोज एका दिवसाचा राहत नाही, घरातील चूलच पंधरवडाभर त्या गुडघ्यावर अवलंबून राहते. या गोष्टीची नोंद आपल्या कोणत्याही इतिवृत्तात सापडत नाही, कारण ती नोंद ठेवण्याची वहिवाटच आपण कधी पाडली नाही.

कबड्डीला संस्थेचे रूप आले ते महाराष्ट्राच्या आणि बडोद्याच्या व्यायामप्रेमी मंडळींच्या परिश्रमाने. त्यापूर्वी प्रांतोप्रांती खेळाचे निरनिराळे प्रकार चालत. बाद झालेला गडी पुन्हा उठतो तो संजीवनीचा प्रकार, बाद झालेला शेवटपर्यंत बाहेर बसतो तो गामिनीचा, आणि बाद झाला तरी गडी मैदानातच राहून केवळ गुणांची मोजदाद होते तो अमर, असे त्यांचे ढोबळ वर्गीकरण जुन्या जाणकारांनी केलेले आहे. १९२३ साली बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने या खेळाची अखिल भारतीय स्पर्धा भरविली. पुढे अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने नियमांना रेखीव स्वरूप दिले, संजीवनीचे तत्त्व मान्य झाले, आणि गावागावांतील कज्जे तोडण्यास पंचांच्या हाती एक छापील पुस्तिका आली. विदर्भाने या कार्यात घातलेली भर अभिमानाने सांगावी अशी आहे. वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये स्थापन केलेल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकप्रसंगी गेले आणि त्याने तेथे आपल्या देशी खेळांची, त्यांत कबड्डीचीही, प्रात्यक्षिके करून दाखविली. १९५० मध्ये अखिल भारतीय महासंघ, १९५२ मध्ये मद्रासला पहिली राष्ट्रीय स्पर्धा, १९५५ पासून स्त्रियांच्या राष्ट्रीय स्पर्धा, १९७२ मध्ये हौशी महासंघाची नवी रचना आणि १९९० च्या बीजिंग आशियाई खेळांत पदकासाठीचा प्रवेश, हे पुढील टप्पे होत. या प्रवासात शंकरराव तथा बुवा साळवी यांनी आयुष्यभर जे कष्ट उपसले त्याचे ऋण प्रत्येक मंडळावर आहे.

तथापि महासंघाच्या नावातला ‘हौशी’ हा शब्द येथे क्षणभर थांबून पाहण्यासारखा आहे. हौस ही सुंदर वस्तू आहे. पण हौसेचा खर्च ज्याला झेपतो आणि ज्याला झेपत नाही अशा दोघांना एकाच नियमाने बांधले की, न्याय दिसायला सारखा राहतो आणि भार मात्र एकाच्याच पाठीवर पडतो. याच प्रश्नावरून एक संबंध खेळ दुभंगल्याचा दाखला इंग्लंडच्या इतिहासात आहे, आणि त्या कज्ज्यातील माणसे आपल्या घुग्घुस-बल्लारपूरच्या माणसांप्रमाणे खाणीत आणि गिरणीत राबणारी असल्यामुळे तो येथे विस्ताराने सांगणे मला अगत्याचे वाटते.

रग्बी हा लंबगोल चेंडूचा खेळ. चेंडू हातात घेऊन प्रतिपक्षाच्या फळीतून घुसावयाचे आणि त्यांच्या रेषेपलीकडे तो जमिनीला टेकवायचा. प्रतिपक्षाने धावणाऱ्यास कमरेत, मांडीत, पायात धरून खाली आणावयाचे. पकड ज्याने केली किंवा सोसली आहे अशा आपल्या गड्याला यातील रस समजावून देण्याची आवश्यकता नाही. या खेळाची मध्यवर्ती संस्था १८७१ मध्ये लंडनला स्थापन झाली, आणि तिची सूत्रे महागड्या निवासी शाळांतून व विद्यापीठांतून बाहेर पडलेल्या सद्गृहस्थांच्या हाती होती. खेळासाठी कोणीही कवडी घेता कामा नये, हा त्यांचा दंडक. दक्षिणेतील वकील-व्यापाऱ्यांना त्याचा जाच नव्हता. परंतु यॉर्कशायर आणि लँकेशायर या उत्तरेकडील परगण्यांत हा खेळ कोळशाच्या खाणींत, लोकरीच्या व सुताच्या गिरण्यांत काम करणाऱ्यांनी उचलून धरला होता. १८५० च्या फॅक्टरी कायद्याने गिरण्यांचे काम शनिवारी दुपारी दोनला थांबत असे, म्हणून सामने शनिवारी दुपारी. पण सामना परगावी असला तर सकाळीच गाडी गाठावी लागे, आणि मग अर्ध्या दिवसाची मजुरी कापली जाई. ती नुकसानी संघाने भरून द्यावी, एवढीच उत्तरेची मागणी होती. खेळाबद्दल मोबदला त्यांनी मागितलाच नव्हता. बुडालेला रोज तेवढा मागितला होता.

१८९३ च्या सप्टेंबरात लंडनच्या सर्वसाधारण सभेपुढे यॉर्कशायरने या आशयाचा ठराव मांडला, आणि तो २८२ विरुद्ध १३६ मतांनी फेटाळला गेला. दोन वर्षे कुरबूर, चौकश्या आणि बंदीचे हुकूम चालले. अखेर २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्ड येथील जॉर्ज हॉटेलात उत्तरेतील संघांचे प्रतिनिधी एकत्र जमले आणि त्यांनी मध्यवर्ती संस्थेचा राजीनामा देऊन ‘नॉर्दर्न युनियन’ या नावाने आपला स्वतंत्र संघ उभारला. बुडालेल्या दिवसापोटी खेळाडूस सहा शिलिंगांपर्यंत द्यावे, ही तरतूद त्यांनी मान्य केली. नव्या संघाचा पहिला हंगाम अवघ्या नऊ दिवसांनी, ७ सप्टेंबरला, सुरू झाला; बावीस संघ त्यात उतरले, प्रत्येकाने बेचाळीस सामने खेळावयाचे होते, आणि एवढ्या प्रदीर्घ झुंजीनंतर ब्रॅडफर्डनजीकच्या मॅनिंगहॅमचा संघ हॅलिफॅक्सहून केवळ एका गुणाने पुढे राहून विजेता ठरला. याच मॅनिंगहॅममध्ये पाच वर्षांपूर्वी, १८९०-९१ च्या ऐन हिवाळ्यात, लिस्टर यांच्या रेशीम-मखमलीच्या प्रचंड गिरणीतील कामगारांनी वेतनकपातीविरुद्ध कित्येक आठवडे संप केला होता आणि तो अयशस्वी झाला होता. गिरणीच्या दारात जे मिळाले नाही, त्यातला एक लहानसा अंश त्यांच्या मुलाबाळांना मैदानावर मिळाला, असे म्हणण्यास हरकत नसावी.

हे सारे घडत होते त्या १८९५ साली आपल्या चांदा जिल्ह्यात वरोऱ्याची सरकारी खाण चालू होती आणि हिंगणघाटच्या बाजारातील कापसाची ख्याती लँकेशायरच्या सूतवाल्यांपर्यंत पोहोचून एक पिढी लोटली होती. दोन्हीकडील मजुरांनी एकमेकांना पाहिले नव्हते आणि पाहण्याचा संभवही नव्हता. तरी एकाच व्यापाराच्या दोन टोकांना ते उभे होते.

नॉर्दर्न युनियनचा पुढील इतिहास थोडक्यात असा. १८९८ मध्ये खेळाडूंना उघडपणे मेहनताना देण्यास परवानगी मिळाली, मात्र खेळाडूजवळ दुसरा कायम उद्योग असलाच पाहिजे अशी अट घालण्यात आली, आणि ती १९०५ पर्यंत टिकली. १९०६ मध्ये गड्यांची संख्या पंधरावरून तेरा झाली. १९२२ मध्ये संस्थेने ‘रग्बी फुटबॉल लीग’ हे नाव धारण केले. ज्या लंडनच्या पक्षाने सहा शिलिंगांना नकार दिला होता त्या पक्षाच्या खेळातही मोबदल्यावरची बंदी १९९५ च्या ऑगस्टात, म्हणजे बरोबर शंभर वर्षांनी, उठली. परंतु या कथेतील एक तपशील सहसा सांगितला जात नाही आणि तो आपल्यासारख्या मंडळांनी विशेष ध्यानात ठेवावा: पहिल्या हंगामाचा विजेता मॅनिंगहॅमचा संघ पैशाच्या ओढाताणीत सापडून १९०३ मध्ये रग्बीच सोडून देता झाला आणि ब्रॅडफर्ड सिटी या नावाने पायचेंडूकडे वळला. रोज भरून देण्याची सदिच्छा असली तरी तिजोरीत आवक नसेल तर संस्था तगत नाही, ही या प्रश्नाची दुसरी बाजू होय.

आपल्याकडे या दोन्ही बाजूंचा अनुभव प्रथम मुंबईच्या गिरणगावाने घेतला. लालबाग, परळ, नायगाव या वस्त्यांतील चाळींच्या आवारात कोकण-घाटावरून आलेल्या कामगारांनी कबड्डी जोपासली, आणि विसाव्या शतकाच्या मध्यावर तिला जे तेज चढले ते त्या घामाचे होते. १८ जानेवारी १९८२ पासूनच्या संपानंतर गिरण्या बसल्या, तरी खेळ बसला नाही. कारण तोवर रेल्वे, बँका, विमा, पोलीस आणि मोठमोठ्या कारखान्यांनी खेळाडूंना नोकरीत घेण्याचा पायंडा पाडला होता. कचेरीने पगार द्यावा आणि गड्याने कचेरीच्या नावाने खेळावे, ही व्यवस्था म्हणजे १८९८ च्या इंग्रजी अटीचाच देशी अवतार. तिने हजारो घरे उभी केली, हे कृतज्ञतेने म्हटले पाहिजे. पण कचेऱ्या असतात शहरांत. एटापल्ली, भामरागड, कोरची, जिवती येथे त्या कोठून आणाव्यात? राष्ट्रीय स्पर्धेत विदर्भाचा स्वतंत्र संघ उतरतो, गडचिरोलीचे पोलीस दल दुर्गम भागातील तरुणांसाठी कबड्डीच्या स्पर्धा भरविते, आणि २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ झाल्यामुळे महाविद्यालयीन खेळाडूंना जवळचे दार उघडले. एवढे असूनही नोकरीच्या आधाराने खेळत राहिलेल्या आमच्या मुलांची संख्या मोठी म्हणता येणार नाही.

अशा स्थितीत २६ जुलै २०१४ रोजी प्रो कबड्डी लीगचा प्रारंभ झाला. आनंद महिंद्रा आणि चारू शर्मा यांच्या मशाल स्पोर्ट्स या संस्थेने महासंघाच्या संमतीने ती उभी केली. आठ शहरांचे आठ संघ, खेळाडूंचा लिलाव, बंदिस्त क्रीडागृह, मातीऐवजी मॅट, आणि दूरचित्रवाणीवर रोज रात्री सामना, असा तिचा थाट होता. खेळाचे कायदेकानूही पाहणाऱ्याच्या सोयीने बेतले गेले. चढाई तीस सेकंदांत संपली पाहिजे. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या तर तिसऱ्या चढाईत गुण आणलाच पाहिजे, नाहीतर चढाईपटू बाद. आणि मैदानात तीन किंवा त्याहून कमी रक्षक उरले असता त्यांनी पकड साधली तर एक गुण जादा. जुन्या जाणत्यांपैकी काहींना माती सुटल्याचे दुःख झाले, आणि ते मला समजते. परंतु वेळकाढूपणा करून सामना गोठविण्याची जी खोड आपल्या मैदानांवर मुरली होती, तिला या नियमांनी आळा घातला, हे मी निःसंदिग्धपणे मान्य करतो.

पहिल्या लिलावात सर्वाधिक बोली लागली ती राकेशकुमारवर, १२ लाख ८० हजार रुपयांची. पहिल्या वर्षी अंतिम सामन्यात जयपूरने मुंबईच्या यू मुम्बाला ३५-२४ असे नमविले. दुसऱ्या वर्षी, २३ ऑगस्ट २०१५ रोजी, अनुपकुमारच्या नेतृत्वाखाली मुंबईने बंगळुरूवर ३६-३० अशी मात करून ढाल महाराष्ट्रात आणली. नंतरच्या तीन अजिंक्यपदांवर पाटण्याने लागोपाठ नाव कोरले. पुण्याचा ‘पुणेरी पलटण’ हा संघ पहिल्या हंगामापासून रिंगणात होता, पण अंतिम सामना त्याला दिसला तो नवव्या हंगामात, १७ डिसेंबर २०२२ रोजी, आणि तेथे जयपूरने त्याला ३३-२९ असे मागे सारले.

दहाव्या हंगामाची पूर्वपीठिका हांगचौच्या आशियाई खेळांत आहे. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी भारत आणि इराण यांच्यातील अंतिम सामना नियमाच्या अर्थावरून दीर्घकाळ थांबला, पंचांचे निर्णय फिरले, पुन्हा फिरले, आणि शेवटी भारत ३३-२९ असा विजयी झाला. या सामन्यासाठीच्या भारतीय संघात पुण्याकडून खेळणारे अस्लम इनामदार आणि आकाश शिंदे हे मराठी तरुण होते. इराणच्या बाजूस मोहम्मदरेझा शादलूई हा विलक्षण ताकदीचा कोपरारक्षक होता. त्यानंतर दोनच दिवसांनी मुंबईत हंगामाचा लिलाव उघडला, आणि पुण्याने याच शादलूईला २ कोटी ३५ लाख रुपयांना आपल्या संघात घेतले. ज्याच्याशी झटापट केली त्याच्याच खांद्याला खांदा लावून बचावाची साखळी करण्याचा प्रसंग अस्लमवर आला, आणि त्याने कर्णधार म्हणून तो उत्तम निभावला. त्या लिलावात प्रत्येक संघास पाच कोटी रुपयांची मर्यादा होती. खेळाडूंच्या चार श्रेणी असून त्यांच्या किमान बोली अनुक्रमे ३०, २०, १३ आणि ९ लाख अशा ठरविलेल्या होत्या. आणि सर्वांत मोठी रक्कम, २ कोटी ६० लाख ५० हजार, तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतसाठी मोजली. नऊ वर्षांपूर्वीचा १२ लाख ८० हजारांचा आकडा याच्या शेजारी ठेवून पाहावा. धनाची ही वाढ काहींच्या डोळ्यांत खुपते. माझ्या मते तिच्यातील महत्त्वाचा आकडा सर्वांत मोठा नसून सर्वांत लहान आहे: श्रेणीबद्ध खेळाडूची अगदी खालची किंमतही नऊ लाख, म्हणजे एका हंगामाच्या खेळाने एखाद्या मजूर-कुटुंबाची कित्येक वर्षांची कमाई.

२ डिसेंबर २०२३ रोजी अहमदाबादेत हंगाम सुरू झाला. या वेळी बारा संघांच्या बारा शहरांतून स्पर्धेचा तांडा फिरत गेला. साखळीचे १३२ आणि बादफेरीचे पाच मिळून १३७ सामने झाले. पुण्याचे प्रशिक्षक बी. सी. रमेश हे स्वतः नामांकित खेळाडू, आणि सातव्या हंगामात बंगालला अजिंक्यपद मिळवून दिलेले. त्यांच्या पलटणीचे वैशिष्ट्य असे की, ती कोणा एका चढाईपटूच्या पायांवर उभी नव्हती. अस्लम, मोहित गोयत, पंकज मोहिते, आकाश शिंदे यांच्यापैकी एक थकला तर दुसरा चढाईस सिद्ध. मध्यरक्षणास संकेत सावंत व अबिनेश नडराजन. आणि कोपऱ्यात शादलूई, ज्याने हंगामभरात ९९ पकडगुण मिळवून सर्वोत्कृष्ट बचावपटूचा मान घेतला. बावीस सामन्यांत सतरा विजय, तीन बरोबरी आणि केवळ दोन पराभव, अशी पलटणीची कामगिरी झाली. विजयास पाच गुण, बरोबरीस तीन आणि सात किंवा त्याहून कमी गुणांनी हरल्यास एक, असा त्या स्पर्धेचा हिशेब असल्यामुळे एकूण गुण ९६ भरले. हरलेले दोन्ही सामनेही पलटणीने निसटत्या फरकानेच गमावले होते, हे त्याच बेरजेवरून सिद्ध होते. दुसऱ्या स्थानी जयपूर, ९२ गुणांनी.

उपांत्य सामन्यात पलटणीने पाटण्याला ३७-२१ असे निष्प्रभ केले, तर हरयाणाने जयपूरला ३१-२७ असे रोखले. अंतिम सामना १ मार्च २०२४ रोजी हैदराबादच्या गचिबोवली क्रीडागृहात झाला, आणि तो गुणांच्या आतषबाजीचा सामना नव्हता, बचावाचा होता. मनप्रीतसिंगांनी तयार केलेला हरयाणाचा संघ धीराने खेळत होता. मध्यंतरापर्यंत पलटणीची आघाडी १३-१० अशी जेमतेम तीन गुणांची होती, आणि तीही मुख्यतः पंकज मोहितेच्या एका चढाईमुळे, जीत त्याने एकाच दमात चार गुण वसूल केले. उत्तरार्धात हरयाणाने पिच्छा सोडला नाही. पण शेवटची शिट्टी झाली तेव्हा फलक २८-२५ असा होता आणि पुण्याने प्रथमच अजिंक्यपद मिळविले होते. विजेत्या संघाला तीन कोटी रुपयांचे पारितोषिक मिळाले. हंगामातील सर्वांत मौल्यवान खेळाडू म्हणून अस्लम इनामदारचा गौरव झाला. अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, ग्रामीण भागातून आलेला हा तरुण पाहून आपल्याकडील किती मुलांनी त्या रात्री मनाशी काय ठरविले असेल, याची मी कल्पना करू शकतो. सिरोंच्याच्या माणसाला पुण्यापेक्षा हैदराबाद कितीतरी जवळचे. नदी ओलांडली की तेलंगण. ढाल अशी आपल्या सीमेवरूनच पश्चिमेकडे गेली.

मात्र आपल्या दारात ती थांबलेली नाही, आणि हे विजयाच्या उत्सवात विसरता कामा नये. व्यावसायिक लीगमध्ये महाराष्ट्राचे दोन संघ आहेत, मुंबईचा आणि पुण्याचा. विदर्भाचा एकही नाही. स्त्रियांची स्थिती तर याहून विषम. २०१६ मध्ये पुरुषांच्या हंगामासोबत स्त्रियांच्या तीन संघांची एक छोटी स्पर्धा झाली, तिचा अंतिम सामना २४-२३ अशा एका गुणाने रंगला, आणि त्यानंतर पुरुषांचे हंगाम वाढत गेले असता ती पुढे चालली नाही. ज्या महाराष्ट्राने अभिलाषा म्हात्रेसारखी कर्णधार दिली, ज्या नाशिकच्या शैलजा जैन यांनी प्रशिक्षक होऊन इराणच्या स्त्रियांना २०१८ च्या आशियाई खेळांचे सुवर्णपदक मिळवून दिले, त्या प्रांताने ही गोष्ट मुकाट्याने सोसावी हे शोभणारे नाही. आपल्या या झाडीपट्टीत रोवणीचा सारा भार बायकांच्या कमरेवर असतो. तेंदूच्या पुड्या रात्री दिव्याशी बसून त्याच बांधतात. त्यांच्यातील एखादी मुलगी खेळू लागली की तिचा रोज बुडतो, शिवाय घरातले काम आईवर पडते, म्हणजे बुडीत दोन माणसांची होते. मुलींचे सामने भरविणाऱ्या मंडळांनी हा दुहेरी हिशेब ध्यानात घ्यावा.

मोठ्या संस्थेचा हा इतिहास लिहिल्यानंतर आपल्या मंडळांविषयी स्पष्ट मत देणे प्राप्त आहे. आपली मंडळे उदार आहेत. परगावच्या संघांची राहण्या-जेवण्याची सोय गावकरी घरचे कार्य समजून करतात, वर्गणी देताना गरीबही मागे राहत नाही, आणि पंचांचा मान सर्वत्र राखला जातो. पण आपला जमाखर्च पाहिला तर मंडप, दिवे, ध्वनिक्षेपक, ढाली, पाहुण्यांचे हारतुरे आणि पत्रके यांवर जो पैसा जातो, त्याच्या मानाने खेळाडूच्या हाती पडणारी रक्कम विजेत्या दोन-तीन संघांपुरतीच असते. पहिल्या फेरीत हरून परत जाणारा गडी स्वतःचा रोज आणि वर गाडीभाडे गमावून जातो. तो गडी नसता तर स्पर्धा झालीच नसती. इंग्लंडच्या बावीस संघांनी सव्वाशे वर्षांपूर्वी जी गोष्ट ठरावाने मान्य केली, ती आपल्या ग्रामसभेच्या मैदानावर मान्य होण्यास कोणत्या महासंघाच्या परवानगीची किंवा कोणत्या लिलावाची गरज नाही. महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये देशात सर्वांआधी केला. त्या कामावर आज जो दर चालू असेल तोच दर बुडालेल्या रोजाचा धरावा, म्हणजे वादाला जागा उरणार नाही. आवक कमी पडत असेल तर मंडपाचा एक खण कमी करावा, ढाल लहान घ्यावी, आणि संघांची संख्या तिजोरीच्या ताकदीइतकीच ठेवावी; मॅनिंगहॅमची गत आपली होऊ नये.

म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने आपल्या या अरण्यमुलखातील सर्व मंडळांच्या चिटणिसांना माझी विनंती आहे की, येत्या हंगामाच्या अंदाजपत्रकात पारितोषिकांच्या रकान्याआधी ‘खेळाडूंचा बुडालेला रोज’ आणि ‘जखमी खेळाडूंचा औषधोपचार’ असे दोन रकाने घालावेत, त्यांसाठी रक्कम प्रथम बाजूला काढावी, आणि मगच स्पर्धेची पत्रके छापावयास द्यावीत.